पहिला बोर्ड, पहिला करंट: प्रोटोटाइप लॅबमधल्या नव्या टेक्निशियनसाठी

प्रॉडक्शन लाइनवरचा बोर्ड चालायलाच हवा, कारण त्याच्याआधी तसेच हजारो बोर्ड चाललेले असतात. प्रोटोटाइप लॅबमध्ये टेबलावर येणारा बोर्ड याआधी कुणीच चालवलेला नसतो. तो चालला नाही तर चूक डिझाइनची असू शकते, सोल्डरिंगची असू शकते, चुकीचा पार्ट बसलेला असू शकतो, फर्मवेअर अर्धवट असू शकतं, किंवा आपलाच मीटर चुकीच्या रेंजवर असतो. यातलं नेमकं काय आहे हे ठरवायला जी माहिती लागते, ती टेक्निशियन देतो. बोर्ड सुरू झाल्यावर सगळ्यांनाच आनंद होतो, पण इंजिनिअरला तुमच्याकडून सगळ्यात जास्त हवा असतो तो डोळे झाकून विश्वास ठेवता येईल असा आकडा. तो आकडा कसा मिळवायचा, हेच पुढं क्रमानं सांगतो.

हा लेख आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड करून किंवा इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून अप्रेंटिसशिपवर लागलेल्या मुलामुलींसाठी आहे. उदाहरण म्हणून ४८ व्होल्टच्या इलेक्ट्रिक दुचाकीचा मोटर कंट्रोलर आणि त्याच गाडीचा चार्जर घेतो. पुणे, भोसरी, चाकण या पट्ट्यात हे काम भरपूर आहे, आणि या दोन बोर्डांत लॅबमधलं जवळपास सगळं येतं: बारीक सोल्डरिंग, मायक्रोकंट्रोलर, मोठा करंट, आणि जीवावर बेतू शकेल असा व्होल्टेज.

पायरी १: आधी टेबल तपासा

पहिल्या दिवशी कुणी बोर्ड हातात देणार नाही. तो वेळ टेबलाला द्या. सॉकेटमध्ये फेज, न्यूट्रल, अर्थ जागच्या जागी आहेत का ते मीटरनं पाहा. फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाददुसरा व्होल्ट. न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-वीस व्होल्ट दिसले तर अर्थिंग ढिली आहे असं समजून लगेच वरिष्ठांना सांगा. अर्थिंग नीट नसलेल्या टेबलावर घेतलेलं कुठलंही मोजमाप संशयास्पद असतं आणि काम करणाऱ्यालाही धोका असतो. एमर्जन्सी स्विच कुठं आहे, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट अर्थला गळला की सप्लाय तोडणारा स्विच) कुठल्या सॉकेटांना आहे, आग विझवायचं साधन कुठं आहे, हे कुणाला न विचारता सांगता आलं पाहिजे.

मग स्टॅटिक. माणसाला चटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढं, आणि नाजूक आयसी त्याच्या कितीतरी कमीवर मरतात. ईएसडीचं (स्टॅटिकच्या झटक्यापासून संरक्षणाचं) जे प्रमाणपत्र मोठ्या कंपन्या घेतात, त्याचं मानक १०० व्होल्टपर्यंतचे नाजूक पार्ट सुरक्षित हाताळता यावेत असं गृहीत धरून लिहिलेलं आहे. म्हणजे तुम्हाला काहीच जाणवणार नाही आणि पार्ट मेलेला असेल. त्याहून वाईट म्हणजे तो अर्धा मरतो, आज चालतो आणि महिन्यानं दगा देतो. मनगटाचा पट्टा कातडीला टेकलेला हवा, शर्टाच्या बाहीवरून घातलेला चालत नाही. पट्ट्याच्या वायरमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून फेजला हात लागला तर करंट मर्यादित राहावा म्हणून तो असतो, त्यामुळे पट्ट्याऐवजी साधी वायर गुंडाळायची नाही. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा आपण सुस्तावतो. पुण्यात जानेवारी ते एप्रिल हवा कोरडी होते आणि त्याच महिन्यांत आयसी गूढपणे उडायला लागतात. थर्मोकोल, सेलोटेप, पॉलिस्टरचं जॅकेट, चहाचा प्लॅस्टिकचा कप, यांतलं काहीच बोर्डाजवळ नको. पार्ट ज्यात येतात ती गुलाबी पिशवी स्वतः स्टॅटिक धरत नाही, एवढंच. बाहेरच्या स्टॅटिकपासून वाचवते ती चंदेरी पिशवी. बोर्ड लॅबबाहेर जाणार असेल तर चंदेरी पिशवीच वापरा.

पायरी २: कागद वाचा

तीन कागद लागतात: स्कीमॅटिक (सर्किटचं रेखाचित्र), लेआउट (बोर्डावर पार्ट आणि ट्रॅक कुठं आहेत ते) आणि बीओएम (पार्टांची यादी). तिन्हींवर एकच रिव्हिजन आहे ना, आणि बोर्डावर छापलेली रिव्हिजन तीच आहे ना, हे आधी बघा. रेव्ह ए चा बोर्ड रेव्ह बी च्या कागदावरून तपासण्यात दिवसच्या दिवस गेलेले मी पाहिले आहेत.

सगळं स्कीमॅटिक एका दमात समजलं पाहिजे असं काही नाही. पॉवरपासून सुरुवात करा. आपल्या कंट्रोलरमध्ये ४८ व्होल्ट आत येतात, त्यातून गेट ड्रायव्हरसाठी (मोटरला करंट देणारे मॉसफेट ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारा आयसी) १२, त्यातून ५, आणि ५ मधून मायक्रोकंट्रोलरसाठी ३.३. हे झाड एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं काढा. प्रत्येक फांदीवर लिहा: किती व्होल्ट, कोणता आयसी तो तयार करतो, मोजायचा टेस्ट पॉइंट कोणता, आणि ती लाइन सुरू व्हायला आधी कुठला सिग्नल यावा लागतो. पुढचे कित्येक दिवस हा कागद तुमच्यासमोर राहणार आहे.

बीओएममध्ये 'डीएनपी' लिहिलेले पार्ट बसवायचे नसतात. त्यांची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, कधी पर्यायी सर्किटसाठी, कधी नंतर लागलं तर असावं म्हणून. रिकामी जागा दिसली म्हणून जवळचा पार्ट बसवून टाकू नका. रेझिस्टरवरचे कोड पाठ करा: १०३ म्हणजे १० किलोओहम, १००२ म्हणजेही १० किलोओहम, ४आर७ म्हणजे ४.७ ओहम. सिरॅमिक कपॅसिटरवर काहीच छापलेलं नसतं, म्हणून तो रीलमधून सुटा झाला की त्याची ओळख गेली. टेबलावर सुटा सापडलेला कपॅसिटर थेट कचऱ्यात टाका. त्याची किंमत काही पैसे असते, आणि तो चुकीच्या जागी बसला तर दोन माणसांचे दोन दिवस जातात.

पायरी ३: सोल्डरिंग

शिसं असलेलं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, बिनशिशाचं एसएसी३०५ साधारण २१७ ते २२० ला. पहिल्यासाठी बिट ३२० ते ३५० अंशांवर ठेवा, दुसऱ्यासाठी ३५० ते ३८० वर. जॉइंट होत नाही म्हणून तापमान ४५० वर नेणं ही नव्यांची हमखास सवय असते. त्यानं पॅड उचकटतो आणि बिट जळते. जॉइंट होत नसेल तर बहुतेक वेळा बिट बारीक आहे, ती काळी पडली आहे, किंवा फ्लक्स कमी आहे. कंट्रोलरच्या बोर्डात तांब्याचे जाड थर असतात. ते उष्णता शोषून घेतात, म्हणून तिथं रुंद बिट घ्या आणि गरज पडली तर बोर्ड खालून प्रीहीटरवर साधारण १०० अंशांपर्यंत तापवून घ्या.

दोन्ही प्रकारची सोल्डरं एका बोर्डावर मिसळू नका, आणि कोणतं वापरलं ते बोर्डावर चिठ्ठी लावून लिहा. ०६०३ आकाराचा पार्ट १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा असतो आणि ०४०२ चा १ बाय ०.५ चा. हात बसायला मोडीत काढलेला बोर्ड मागून घ्या आणि त्यावर पार्ट काढ-घाल करत राहा. पार्ट काढताना हॉट एअरचा झोत शेजारच्या प्लॅस्टिक कनेक्टरवर जाऊ नये म्हणून कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारी टेप) लावा.

पोलॅरिटीचं एकच लक्षात ठेवा, कारण यात खरंच स्फोट होतो. ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरची पट्टी निगेटिव्ह दाखवते, टँटलमवरची पट्टी पॉझिटिव्ह. टँटलम उलटा बसला तर तो ज्वाळेसह पेटू शकतो.

जॉइंट चांगला की वाईट हे नजरेनं ठरवायला आयपीसी-ए-६१० हे मानक वापरतात. त्यात तीन वर्ग आहेत. तिसरा वर्ग जिथं बंद पडणं परवडत नाही अशा उपकरणांचा. तुमची लॅब कुठल्या वर्गानं तपासते ते विचारा आणि त्यातली चित्रं मन लावून बघा. सोल्डरिंगनंतर बोर्ड आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) धुवा. फ्लक्सचा थर राहिला तर बॅटरीचे सेल मोजणाऱ्या मोठ्या रेझिस्टरच्या सर्किटमध्ये गळती होते आणि आकडे सरकतात. धूर ओढणारा पंखा चालू ठेवा. टेबलावर डबा उघडू नका, आणि जेवायला जाताना साबणानं हात धुवा. शिसं हातातून तोंडात जातं.

पायरी ४: करंट देण्याआधीचा अर्धा तास

बोर्ड तयार झाला की लगेच सप्लाय जोडायचा मोह होतो. थांबा. मायक्रोस्कोपखाली एकेक आयसी बघा: पिन १ चा ठिपका जागेवर आहे का, दोन पायांत सोल्डरचा पूल आहे का, एखादा पार्ट एका बाजूनं उभा राहिलाय का. मग मीटर घेऊन तुमच्या झाडावरच्या प्रत्येक लाइनचा ग्राउंडशी रेझिस्टन्स मोजा आणि लिहा.

इथं बीपवर अवलंबून राहू नका. बहुतेक मीटर काही दहा ओहमच्या खाली गेलं की बीप देतात. मोठ्या प्रोसेसरची १ व्होल्टची लाइन चांगली असूनही काही ओहम दाखवू शकते, आणि बीप ऐकून तुम्ही नसलेला शॉर्ट शोधत बसाल. आकडा वाचा. एकाच खेपेचे पाच बोर्ड आले असतील तर पाचही मोजा. चारांवर ३.३ ची लाइन ४०० ओहमच्या आसपास आणि पाचव्यावर १२ ओहम असेल, तर सप्लाय न लावताच दोष सापडला. मोटरच्या तीन फेजचे सहाही मॉसफेट ड्रेन-सोर्स आणि गेट-सोर्स असे तपासा. एक जरी शॉर्ट असेल आणि ४८ व्होल्ट दिले, तर बाकीचे सोबत जातात.

पायरी ५: पहिला करंट

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. इथं घाई करणाऱ्याला मी स्वतः टेबलावरून बाजूला करतो, मग तो इंजिनिअर असला तरी.

बेंच सप्लायला (टेबलावरचा, व्होल्टेज आणि करंट ठरवता येणारा सप्लाय) बोर्ड न जोडता आधी व्होल्टेज लावा. मग आउटपुट बंद करून करंट लिमिट ठरवा. इंजिनिअरला विचारा, 'नुसत्या बोर्डाला किती करंट अपेक्षित आहे?' तो म्हणाला ६० मिलिअँपिअर, तर लिमिट १०० वर ठेवा. सप्लाय १० अँपिअरचा आहे म्हणून लिमिट दहावर सोडली, तर सोल्डरचा एक बारीक पूल सगळा ट्रॅक जाळून टाकतो. १०० मिलिअँपिअरवर तोच पूल नुसता व्होल्टेज खाली ओढतो आणि बोर्ड वाचतो. लिमिट कमी ठेवल्यानं कधी कधी चांगला कन्व्हर्टरही सुरू होताना अडखळतो. सुरू होण्याच्या क्षणी कपॅसिटर भरायला जास्त करंट लागतो. तेव्हा लिमिट थोडी थोडी वाढवा आणि प्रत्येक वेळी किती केली ते लिहा.

पहिल्यांदा ४८ देऊच नका. बोर्डाची रचना परवानगी देत असेल तर बाहेरून १२ ची लाइन द्या आणि फक्त खालचा भाग जागा करा. नजर सप्लायच्या करंटच्या आकड्यावर, बोट आउटपुटच्या बटणावर. आकडा शून्य असेल तर काही जोडलंच गेलेलं नाही. आकडा लिमिटला चिकटला तर लगेच बंद. अपेक्षेइतका असेल तर झाडाच्या क्रमानं १२, ५, ३.३ मोजा. मग थर्मल कॅमेरा फिरवा. कॅमेरा नसेल तर सप्लाय बंद करून बोटानं अंदाज घ्या. चकचकीत धातूचं तापमान कॅमेरा खरं दाखवत नाही, तिथं काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून टेपवरचं वाचा.

लाइन्स ठीक असतील तर प्रोग्रामर जोडून मायक्रोकंट्रोलर ओळख देतो का ते पाहा. पुढं ४८ देण्याआधी मॉसफेटच्या गेटवरचे सिग्नल ऑसिलोस्कोपवर (म्हणजे स्कोपवर) तपासायचे. वरचा आणि खालचा मॉसफेट एकाच वेळी चालू झाला तर बॅटरी सरळ ग्राउंडला जोडली जाते. म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा चालू होण्याआधी थोडा मोकळा वेळ ठेवलेला असतो. तो डेड टाइम फर्मवेअरमध्ये लिहिलाय तेवढाच बोर्डावर दिसतोय का, हे मोटरच्या तिन्ही फेजना मोजा. मोजल्याशिवाय ४८ नाही.

मग ४८ कडे जाताना १२, २४, ३६ असं चढा. सप्लायवर सगळं नीट झालं की मगच खरी बॅटरी. बॅटरीला करंट लिमिट नसते. १३ सेल सिरीजमधल्या पॅकचा पूर्ण चार्ज व्होल्टेज ५४.६ असतो, आणि रिकामे कपॅसिटर थेट जोडले तर कनेक्टरवर ठिणगी पडून पिना जळतात. आधी रेझिस्टरमधून भरा: १,००० मायक्रोफॅरॅडला १०० ओहम लावला तर अर्ध्या सेकंदात कपॅसिटर जवळपास पूर्ण भरतात. नंतर मुख्य जोडणी करा.

पायरी ६: स्कोपचा चिमटा

ऑसिलोस्कोप शिकायला वर्ष लागतं, पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी समजली पाहिजे. प्रोबचा काळा चिमटा स्कोपच्या बॉडीतून तीन पिनी प्लगच्या अर्थला जोडलेला असतो, आणि सगळ्या चॅनलचे चिमटे आतून एकमेकांना जोडलेले असतात. म्हणजे एक चिमटा ग्राउंडला आणि दुसरा मोटरच्या फेजला लावला, की तुम्ही स्कोपमधून शॉर्ट केला. मीटरच्या दोन वायरी कुठंही लावता येतात, स्कोपच्या येत नाहीत.

यात एक छुपा भाग आहे. बेंच सप्लायचं आउटपुट बहुधा अर्थपासून सुटं असतं, त्यामुळे फेजवर एकच चिमटा लावला तरी सुरुवातीला काही होत नाही आणि माणसाला वाटतं, चालतं असं. मग कुणीतरी प्रोग्रामिंगसाठी लॅपटॉप जोडतो. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनी, त्याचा अर्थ यूएसबीच्या ग्राउंडपर्यंत आलेला. त्या क्षणी बोर्डाचं ग्राउंड अर्थला जोडलं जातं आणि फेजवरच्या चिमट्यातून सगळा करंट जातो. बोर्ड, प्रोब आणि लॅपटॉपचं पोर्ट, तिन्ही एकदम जातात. वरच्या मॉसफेटचा गेट बघायचा असेल तर डिफरन्शियल प्रोब (अर्थशी न जोडता दोन पॉइंटमधला फरक मोजणारा) मागा. लॅबमध्ये एकच असेल तर त्याची वाट बघा. स्कोपची अर्थ पिन तोडून काम भागवणारे लोक भेटतील. ते करू नका. चार्जरच्या प्रायमरी बाजूला काम करताना अशा स्कोपची धातूची बॉडी ३२५ व्होल्टवर जाते.

बाकीचं पटकन सांगतो. रोज सकाळी प्रोब स्कोपच्या १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीवर लावून ट्रिमर फिरवा आणि कोपरे चौकोनी करून घ्या. प्रोबवरचा १एक्स-१०एक्स स्विच आणि स्कोपमधली सेटिंग जुळते ना ते बघा, नाहीतर आकडा दहापट चुकतो. पॉवर लाइनवरचा रिपल (डीसीवरचा बारीक चढउतार) मोजताना लांब चिमटा काढून छोटी स्प्रिंग लावा. लांब वायर अँटेनासारखी वागते आणि जे काटे बोर्डावर नाहीतच ते दाखवते. २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ मर्यादा चालू होती की बंद, ते आकड्याशेजारी लिहा.

मीटरच्या बाबतीत: करंट मोजून झाला की लाल वायर ताबडतोब व्होल्टच्या छिद्रात परत. अँपिअरच्या छिद्रात वायर ठेवून कुणी व्होल्टेज मोजायला गेलं तर तो थेट शॉर्ट. मिलिअँपिअरच्या रेंजवर मीटर स्वतः थोडा व्होल्टेज खातो. काही मीटर प्रत्येक मिलिअँपिअरला २ मिलिव्होल्ट खातात. म्हणजे ३०० मिलिअँपिअरला ०.६ व्होल्ट गेले, ३.३ च्या लाइनवर २.७ उरले आणि मायक्रोकंट्रोलर रीसेट व्हायला लागला. बोर्डात दोष नाही, मीटर जोडल्यानं तो तयार झाला. असं कुठलंही विचित्र वागणं दिसलं की पहिला प्रश्न विचारा: मीटर काढल्यावरही हे होतं का?

पायरी ७: दोष शोधणं

एका वेळी एकच गोष्ट बदला. हे सगळे सांगतात, पण संध्याकाळी सहा वाजता, डेमो उद्या असताना, सगळे तीन गोष्टी एकदम बदलतात. बोर्ड सुरू होतो आणि का सुरू झाला ते कुणालाच सांगता येत नाही. पुढच्या दहा बोर्डांना मग तिन्ही बदल करत बसावं लागतं.

चांगला बोर्ड शेजारी ठेवा आणि तेच पॉइंट दोन्हींवर मोजत जा. ज्या ठिकाणी आकडे वेगळे होतात तिथून मागं सरका. चांगला बोर्ड नसेल तर लाइन अर्ध्यात तोडून बघा: कन्व्हर्टरचं आउटपुट आणि पुढचं सर्किट यांच्यामधला शून्य ओहम रेझिस्टर काढा. आउटपुट बरोबर आलं तर दोष पुढं, नाही आलं तर मागं.

लाइन शॉर्ट असेल आणि तिच्यावर चाळीस कपॅसिटर असतील, तर एकेक काढत बसू नका. बेंच सप्लायवरून त्या लाइनला १ व्होल्टपर्यंत आणि १-२ अँपिअरची लिमिट लावून करंट द्या. लाइनच्या नेहमीच्या व्होल्टेजपेक्षा कमीच. थर्मल कॅमेऱ्यात शॉर्ट झालेला पार्ट उजळ दिसतो. कॅमेरा नसेल तर बोर्डावर आयपीए शिंपडा. जिथं ते आधी सुकतं तिथं दोष. तडा गेलेला सिरॅमिक कपॅसिटर असा पटकन सापडतो, आणि हे कपॅसिटर बहुधा बोर्डाच्या कडेला किंवा स्क्रूच्या भोकाजवळचे असतात, कारण बोर्ड तिथंच वाकतो.

दुरुस्तीसाठी जंपर वायर ओढली तर ३० गेजची बारीक वायर वापरा आणि ती मधेमधे चिकटवा, लोंबकळत ठेवू नका. बदललेला पार्ट कुठून आला हेही महत्त्वाचं आहे. वायर, लग, हीट श्रिंक, बॉक्स यांसाठी पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड उत्तम. दोन तासांत वस्तू हातात. मात्र प्रोटोटाइपवर बसणारे मॉसफेट, आयसी आणि कपॅसिटर अधिकृत वितरकाकडूनच घ्या. खुल्या बाजारातल्या सुट्या मॉसफेटचा मूळ स्रोत कळत नाही. तो गरम झाला तर डिझाइन चुकलं की पार्ट बनावट, हे ठरवता येत नाही, आणि तुमची सगळी मोजमापं वाया जातात.

पायरी ८: चार्जर आणि बॅटरी

२३० व्होल्ट हा आरएमएस (एसीचा परिणामी) आकडा आहे, शिखराचा नाही. रेक्टिफायरनंतर कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी बसतात. ४७० मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरमध्ये त्या वेळी सुमारे २५ ज्यूल ऊर्जा असते आणि प्लग काढल्यावरही ती तिथंच राहू शकते. म्हणून क्रम ठरलेला: प्लग काढा, मीटरनं कपॅसिटर मोजा, १० किलोओहम १० वॅटच्या वायरवाउंड रेझिस्टरनं अर्धा मिनिट डिस्चार्ज करा, पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी काढायची नाही. डिस्चार्ज करायच्या रेझिस्टरला इन्सुलेटेड प्रोब लावून तो टेबलाजवळ कायम टांगून ठेवा, म्हणजे शोधायचा कंटाळा येणार नाही.

या कामात मनगटाचा ईएसडी पट्टा काढून ठेवायचा. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळीही. कॅट-३ (मेन्सवर मोजण्यासाठीचा सुरक्षेचा दर्जा) छापलेला मीटर आणि त्याच दर्जाच्या प्रोब वापरा. चार्जर पहिल्यांदा सुरू करताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या आणि सिरीजमध्ये ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब लावा. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांची ही युक्ती आजही पहिल्या प्रतीची आहे: बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर शॉर्ट, आणि बोर्ड शाबूत. एलईडी बल्ब इथं चालत नाही, तारेचाच हवा. खोलीत दुसरं माणूस असल्याशिवाय मेन्सवर काम करू नका. एकटं असताना साहेबांनी सांगितलं तरी 'सोबत कुणी आलं की करतो' म्हणा. चांगल्या लॅबमध्ये यावरून कुणी रागावत नाही.

लिथियम पॅकवर काम करताना टूलच्या मुठीपासून टोकापर्यंत जेवढं झाकता येईल तेवढं इन्सुलेशन टेपनं झाका. एका वेळी एकच टर्मिनल उघडं ठेवा, दुसऱ्यावर टोपण. फुगलेला, पडलेला किंवा खूप खाली डिस्चार्ज झालेला सेल चार्जिंगला लावायचा नाही. तो बाजूला काढून लॅबच्या ठरलेल्या जागी ठेवा आणि सांगा. रात्रभर चार्जिंग लावून घरी जायचं नाही.

पायरी ९: वही आणि बोलणं

प्रत्येक बोर्डाला नंबर द्या आणि वहीत त्याचं पान ठेवा. तारीख, रिव्हिजन, फर्मवेअरची आवृत्ती, सप्लायचा व्होल्टेज आणि लिमिट, कुठल्या पॉइंटवर, कशानं मोजलं, खोलीचं तापमान. मे महिन्यात एसी बंद असताना घेतलेलं मॉसफेटचं तापमान आणि डिसेंबरमधलं तापमान यांत पंधरा अंशांचा फरक नुसत्या हवेमुळे पडू शकतो. बदल केला की त्याआधीचा आणि नंतरचा फोटो काढा. स्कीमॅटिकच्या प्रतीवर लाल पेनानं तोच बदल काढा. आज तुम्हाला जंपर का ओढला ते आठवतंय, तीन आठवड्यांनी आठवणार नाही.

'बोर्ड चालत नाही' हे वाक्य इंजिनिअरला काहीच सांगत नाही. असं सांगा: 'बोर्ड नंबर ४. १२ व्होल्ट दिले, लिमिट १००. करंट ८५ मिलिअँपिअर. १२ आणि ५ बरोबर आहेत, ३.३ च्या जागी २.१ येतात. यू ७ (३.३ चा आयसी) गरम आहे, साधारण ७० अंश. बोर्ड ३ वर हे होत नाही.' तो आपल्या जागेवरून उठायच्या आधीच त्याचं निम्मं निदान झालेलं असतं. आणि तुमचा अंदाज काय आहे तेही सांगा, पण मोजलेलं आणि अंदाज वेगळे ठेवून: 'मोजलंय हे, मला वाटतंय ते.' तरुण इंजिनिअर मॅडम असोत की तीस वर्षांचा अनुभव असलेले साहेब, आकडे समोर ठेवले की म्हणणं ऐकून घेतलं जातं. एखादं मोजमाप चुकीचं होतं असं नंतर कळलं तर वहीतलं खोडून टाकू नका. एक रेघ मारून शेजारी खरं लिहा आणि ज्याला आधीचा आकडा दिला होता त्याला लगेच कळवा.

पायरी १०: पुढची रिव्हिजन आणि बाहेरची चाचणी

रेव्ह बी चा लेआउट पक्का होण्याआधी तुमची यादी इंजिनिअरकडे पोचली पाहिजे. सर्किटबद्दल त्याला बरंच माहीत असतं. हात कुठं पोचत नाही हे फक्त तुम्हाला माहीत असतं: टेस्ट पॉइंट कनेक्टरच्या खाली गेलाय, ग्राउंडचा चिमटा लावायला जागाच नाही, मोठा कपॅसिटर हॉट एअरच्या आड येतो, प्रोग्रामिंगचा कनेक्टर उलटा बसतो, डायोडच्या पट्टीची खूण पार्टखाली झाकली जाते. प्रत्येक जंपरसाठी एक ओळ लिहा आणि यादीवर तारीख टाका.

बोर्ड चाचणीला बाहेर जाणार असेल, पुण्यात एआरएआय या वाहन चाचणी संस्थेकडे किंवा ईएमआयसाठी (इतर उपकरणांत होणाऱ्या विद्युतचुंबकीय अडथळ्याच्या चाचणीसाठी) नवी मुंबईत समीर या सरकारी संशोधन संस्थेकडे, तर किट तुम्हीच भरा, कारण तिथं गेल्यावर काय तुटेल हे तुम्हालाच ठाऊक असतं. एकसारखे दोन नमुने, दोन्हींत एकच फर्मवेअर, तपासलेल्या केबल, जास्तीचे फ्यूज, वेगवेगळ्या आकारांचे फेराइट, तांब्याची टेप, सोल्डरिंग आयर्न, प्रोग्रामर, आणि लाल पेनानं सुधारलेल्या स्कीमॅटिकची छापील प्रत. निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही नमुने तासभर लोडवर चालवा, करंट आणि तापमान वहीत लिहा, आणि मगच चंदेरी पिशवीत बंद करा.